परदेशी पत्रकाराला सोलापूरची बातमी सुचवायची आहे, काय आणि कशी लिहू?

टॉवेलवाला (गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२)

मंडळी, सल्ला हवाय.

गेल्या वर्षी लोकसभेच्या धामधुमीत एक परदेशी पत्रकार सोलापुरात आले होते. गाडी माझ्या मावसभावाची. इंग्रजी बरं बोलतो म्हणून दुभाष्या करून मला मागच्या सीटवर बसवलं. गृहस्थ राहतात दिल्लीत. एका युरोपियन पेपरसाठी भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश सगळं एकटेच बघतात, राजकारणही आणि उद्योग-व्यापारही. जाताना कार्ड दिलं. म्हणाले, निवडणूक नसताना तुमच्या गावात काय चालतं ते आम्हाला कळतच नाही, काही असलं तर लिहा.

कार्ड वर्षभर पाकिटात चुरगळलं. आता लिहावं म्हणतोय. यादी केली आहे: चादर, शेंगा चटणी, गड्ड्याची यात्रा, डॉ. कोटणीस, कांदा, चिमणी आणि विमानतळ, रे नगर, विडी कामगार. एकाच मेलमध्ये सगळं टाकू की एकेक?

(मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. पत्रकारितेशी संबंध सकाळी चहाबरोबर पेपर वाचण्यापुरता.)

कडक_भाकरी

आधी चटणी कुरिअर कर बे. खाल्ल्यावर माणूस स्वतः बातमी मागत येतोय का नाही बघ.

शेंगा_पोळी

कोटणीसांचं पाठवाच दादा. आपल्या सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ साली चीनला जातो, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथंच संपतो. त्यांच्या घराचं स्मारक आहे, चिनी पाहुणे अजून येतात. परदेशी माणसाला याहून चांगलं काय?

होटगी_रोड

चिमणी! १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, का तर विमानाला आडवी येते. विमानसेवा सुरू झाली ९ जून २०२५ ला, म्हणजे दोन वर्षांनी. आणि पहिलं विमान गेलं कुठं, तर गोव्याला. मुंबईला नाही. राजकारण पण आहे, उद्योग पण आहे, हसू पण आहे.

जुना_वार्ताहर

टॉवेलवाला, वीस-बावीस वर्षं जिल्ह्याची बातमीदारी केली, शेवटची काही वर्षं बाहेरच्या पत्रकारांबरोबर फिरलो. त्यांच्या भाषेत फिक्सर. शब्द वाईट आहे, काम तसं नसतं: गाडी, भाषा, ओळखी आणि कुठं जाऊ नये ते सांगणं. म्हणून जरा लांब लिहितो, माफ करा.

तुझी यादी म्हणजे गावाची ओळख करून देणारं माहितीपत्रक झालंय. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ठीक आहे. पण ते काल मिळालेलं नाही आणि उद्या जाणारही नाही. मग आज का लिहायचं? त्या माणसाला दिल्लीतून त्याच्या संपादकाला पटवायचं असतं. आपण त्याला पटवतो, तो पुढे संपादकाला, आणि संपादकानं सोलापूर कधी नकाशावरही बघितलेलं नसतं. मधल्या दोन्ही पायऱ्यांवर टिकेल असं काहीतरी हातात दे.

आठवतं का, फेब्रुवारी २०२३? बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं आपल्या मार्केटमध्ये ५१२ किलो कांदा आणला. भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. कांद्याचे भाव पडल्याच्या बातम्या आम्ही महिनाभर देत होतो, कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या चेकचा फोटो निघाला आणि बातमी देशाबाहेर गेली. का? चेक कुणालाही वाचता येतो, भाषांतर लागत नाही. भाव पडणं सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण दोन रुपयांसाठी कुणीतरी चेकबुक काढून सही केली हे डोळ्यासमोर उभं राहतं.

कोटणीसांबद्दल आदर आहे, पण ते ठेवणीतलं आहे. भारत-चीनमध्ये काही हललं की त्या आठवड्यात काढायचं.

शेंगा_पोळी

काका, मोदी गेल्याच रविवारी तियानजिनला होते की. सात वर्षांनी चीनला गेले.

जुना_वार्ताहर

बरोबर आहे ताई, पकडलंत. पण मग ती मेल त्याच्या आधीच्या सोमवारी जायला हवी होती. दौरा झाल्यावर त्यांच्याकडे तसल्या पन्नास पडतात.

गाळप_हंगाम

थोडं धंद्याच्या बाजूनं. मी साखर कारखान्यात शेती खात्यात. मुंबईत एका वृत्तसंस्थेच्या बाई आहेत, ऑक्टोबर आला की त्यांचा फोन येतो. तोडणी कधी, उतारा (उसातून साखर) किती धराल, पावसानं ऊस लोळला का. त्यांना माझ्या कारखान्याशी काहीही घेणंदेणं नाही. साखरेत ब्राझीलखालोखाल आपण, आणि देशात उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र. सोलापूर जिल्ह्याचा अंदाज हलला की राज्याचा हलतो, मग निर्यातीला परवानगी मिळेल का हा प्रश्न, आणि तिकडं न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव. मी जे शिवारात उभं राहून सांगतो ते व्यापारी त्याच दिवशी वाचतात.

सांगायचं हे की पेपरवाला आणि वृत्तसंस्थावाला वेगळे. वृत्तसंस्थेला आकडा लवकर हवा, पेपरवाल्याला माणूस हवा आणि त्याला चार दिवस उशीर चालतो. तुमचे साहेब पेपरवाले, त्यांना उतारा पाठवू नका.

पूर्वभाग

रे नगरचं घ्या मालक. कुंभारीला ३० हजार घरांची वसाहत, त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला मोदींनी दिली. योजना कुणी लावून धरली, तर लाल बावट्याच्या आडम मास्तरांनी. मोदी आणि आडम मास्तर एका मांडवात, मोदींचा गळा भरून आलेला. याच्या आधी २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीला मनमोहन सिंग आले होते. एका कम्युनिस्ट नेत्याच्या कामाला दोन पंतप्रधान.

जुना_वार्ताहर

यात दम आहे. पण सोहळ्याला दीड वर्ष झालं. आता जायचं तर प्रश्न वेगळा: कामाचे कारखाने शहरात, घरं कुंभारीला, रोजची रिक्षा कुणाच्या खिशातून? तिथं आठ-दहा घरांत बसून आल्याशिवाय मेल लिहू नये. आपण स्वतः बघितलेलंच सुचवावं, ऐकीव सुचवलं की पहिल्याच उलटप्रश्नाला आपण गारद.

म्हणून विचारतो टॉवेलवाला, तू हिशेबाला आहेस. गेल्या महिन्याभरात कारखान्यात असं काय बघितलंस, जे घरी गेल्यावर बायकोला सांगितलंस?

टॉवेलवाला (शुक्रवार, रात्री ११:४०)

सांगतो. खरं तर याच्यामुळंच कार्डाची आठवण झाली.

अमेरिकेच्या ऑर्डरचा माल तयार होता. ७ ऑगस्टला २५ टक्के आयात शुल्क बसलं, २७ ऑगस्टला आणखी २५. गिऱ्हाइकानं कळवलं, थांबा. शेठ म्हणाले, थांबून व्याज कोण भरणार, इथंच काढू. पण प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्याला तिकडच्या दुकानाचं लेबल शिवलेलं. ते ठेवून इथं विकता येत नाही, करारातच आहे.

मग शिलाई खात्यातल्या चार बायका खाली सतरंजीवर बसवल्या. हातात दाढीचं अर्धं ब्लेड, एका बाजूला चिंधी गुंडाळलेली. लेबलाचा टाका कापायचा, पण खालचा फासा ओढला जाता कामा नये. टेरीचा एक फासा निसटला की ओढत ओढत अख्खी ओळ निघते आणि टॉवेल गेला दुय्यम मालात. डझनावर मजुरी. शेजारी सुपात लेबलांचा ढीग. त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, जूनमध्ये हीच लेबलं मी मशिनवर लावली होती भाऊ, तेव्हाच जरा ढिली लावली असती.

ती पाकिटं आता इथल्याच नव्या पेठेच्या बाजारात जातील. बायकोला हे सांगितलं होतं, हो.

जुना_वार्ताहर

हे यादीत का नव्हतं मालक?

टॉवेलवाला

यात बातमी काय, असं वाटलं. रोजचं काम.

न्यूजर्सीचा_सोलापूरकर

एक विनंती. बाहेरच्या पेपरांना आपली गरिबी आणि हतबलताच हवी असते. ब्लेड घेऊन बसलेल्या बायकांचा फोटो छापून येणार, खाली सोलापूर. मी इथं ऑफिसात सोलापूर म्हणजे टॉवेल आणि चादरींचं गाव असं अभिमानानं सांगतो. रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला माणूस, अर्धं बक्षीस इतर स्पर्धकांना वाटून टाकलं. असलं सुचवा ना.

पूर्वभाग

डिसले गुरुजींचं जगानं छापून झालं साहेब, पाच वर्षांपूर्वी. आणि ब्लेड घेऊन बसण्यात लाज कसली? माझी आई पंचवीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. कारागिरी आहे ती, फासा न ओढता टाका काढून दाखवा.

माझी भीती वेगळी आहे. पत्रकार लिहून दिल्लीला जाणार. मावशी इथंच राहणार, शेठ इथंच राहणार, आणि टॉवेलवाल्याला सोमवारी त्याच टेबलावर बसायचंय.

जुना_वार्ताहर

पूर्वभाग, हे तू बोललास ते बरं झालं, नाहीतर मला स्वतःहून सांगायला जड गेलं असतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका विडी कामगार बाईला मी बाहेरच्या पत्रकारासमोर बसवलं. नावानिशी बोलल्या, फोटो दिला. मजुरीबद्दल खरं तेच सांगितलं. बातमी उत्तम झाली, मला चार लोकांनी शाबासकी दिली. पंधरा दिवसांनी बाई घरी आल्या. म्हणाल्या, पान-तंबाखू देणारा काही बोलत नाही, पण माझ्या हजार विड्यांतल्या बाद होणाऱ्या एकदम वाढल्यात. मी जाऊन भांडलो, उपयोग शून्य. त्या नंतर धुणीभांडी करायला लागल्या.

तेव्हापासून आधी विचारतो: नाव छापायचं का, चेहरा दिसायचा का, गल्ली ओळखू यायची का. तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायचे, कारण माणूस पहिल्याला हो म्हणतो आणि बाकीचे दोन त्याच्या डोक्यातच नसतात. आणि हे पत्रकार यायच्या आधी ठरवायचं. समोरचा वही उघडून बसला की 'हे छापू नका' म्हणायला उशीर झालेला असतो. छापायच्या आधी वाचायला देत नाहीत ते लोक, फार तर तुझं वाक्य तुला वाचून दाखवतील.

शेठशी पण बोल. न सांगता केलंस तर तो विश्वासघात, आणि पत्रकारालाही दुसरी बाजू लागतेच. नाव न छापता बोलतील का विचार.

टॉवेलवाला (शनिवार, दुपारी ३:०५)

बोललो शेठशी. पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, माझं आणि गिऱ्हाइकाचं नाव नको, बाकी जे आहे ते आहे. वर म्हणाले, जर्मनीवाला मिळतो का तेवढं विचार त्याला.

पहिला मसुदा. इंग्रजीत आहे, इथं मराठी करून देतो:

"आदरणीय महोदय, आशा आहे आपण कुशल असाल. सोलापूर ही वस्त्रनगरी म्हणून जगप्रसिद्ध असून १८७७ साली जुनी गिरणी स्थापन झाल्यापासून येथील वस्त्रोद्योगाने अनेक चढउतार पाहिले आहेत. सध्या आयात शुल्काच्या प्रश्नामुळे लाखो रुपयांचे नुकसान होत असून या ज्वलंत विषयाला आपण वाचा फोडावी ही नम्र विनंती..."

गाळप_हंगाम

पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण झालंय.

कडक_भाकरी

१८७७ पासून सुरू केलास तर २०२५ येईपर्यंत साहेब दुसऱ्या देशात पोचलेले असतील बे.

जुना_वार्ताहर

सुरुवात सुपातल्या लेबलांपासून कर. विषयाच्या रकान्यातच लिही. 'लाखो रुपये' काढ, लाख त्यांना कळत नाही आणि 'लाखो' आपल्यालाही कळत नाही. किती डझन ते लिही, ते तुझ्या वहीत आहे. 'वाचा फोडावी' अजिबात नको, तो वकील नाही. आणि तू त्याच कारखान्यात नोकरीला आहेस हे पहिल्या तीन ओळींत सांग. नंतर कळलं तर त्याला वाटेल तू शेठसाठी दलाली करतोयस.

आणि एक मोठी चूक. पेपर युरोपातला आहे. अमेरिकेनं शुल्क लावलं आणि सोलापूरला फटका बसला, याचं त्याच्या वाचकाला काय? शेठ काय म्हणाले ते परत वाच.

टॉवेलवाला

जर्मनी!

जुना_वार्ताहर

तेच. अमेरिकेत न गेलेला टॉवेल आता युरोपचं दार ठोठावतोय. तिथल्या दुकानात तो स्वस्त मिळणार का, आणि त्यांचा आधीचा पुरवठादार कुठं जाणार? शेठनी जर्मन गिऱ्हाइकांना नमुने पाठवलेत का, उत्तर आलं का, एवढं विचारून घे.

टॉवेलवाला (रविवार, सकाळी ९:२०)

दुसरा मसुदा:

"विषय: जूनमध्ये शिवलेली अमेरिकन लेबलं सोलापुरात ब्लेडनं उसवताहेत, तसलेच टॉवेल आता युरोपच्या वाटेवर.

नमस्कार. गेल्या वर्षी निवडणुकीत मी तुमचा दुभाष्या होतो. मी टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे आणि ही गोष्ट माझ्याच कारखान्यातली आहे. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्कानंतर थांबलेल्या मालाची लेबलं आमच्याकडे चार स्त्रिया हातानं काढत आहेत, म्हणजे माल स्थानिक बाजारात विकता येईल. त्यातल्या एकीनं हीच लेबलं लावली होती. ती पहिल्या नावानं बोलायला तयार आहे, चेहरा दाखवायला नाही. मालक नाव न छापता बोलतील. त्यांनी दोन आठवड्यांत तीन जर्मन खरेदीदारांना नमुने पाठवले, एकानं भाव कमी मागितला आहे. तो पत्रव्यवहार नावं झाकून दाखवता येईल. काम आणखी तीनेक आठवडे चालेल. हे दुसऱ्या कुणाला कळवलेलं नाही. यायचं ठरलं तर आधी विचारा: ज्या दिवशी भागात पाणी येतं, त्या दिवशी शिलाई खात्यात निम्म्या बायका नसतात."

शेंगा_पोळी

छान झालंय दादा. शेवटचं वाक्य वाचून हसले, खरं आहे ते.

जुना_वार्ताहर

पाठव. उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी एकदाच आठवण कर, दोन ओळींत. मग सोड. आणि तो आला तर दिवसाची मजुरी आधी ठरव. सुचवण्याचे पैसे नसतात, घेऊही नयेत. पण दिवसभर भाषांतर करणं हे काम आहे.

टॉवेलवाला (मंगळवार, ९ सप्टेंबर)

रविवारी दुपारी पाठवली. सोमवारी काठमांडूत गोळीबार, आज नेपाळच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला. साहेबांचा आपोआप उत्तर देणारा मेल आला: प्रवासात आहे.

कडक_भाकरी

दुसरा देश म्हणालो होतो ना बे.

पूर्वभाग

काळी जीभ.

टॉवेलवाला (२६ सप्टेंबर)

मंडळी, धागा वर काढतोय. आधी आठवण म्हणून दोन ओळी पाठवल्या होत्या, उत्तर नव्हतं. लेबलांचं काम पण संपलं, सूप रिकामं झालं. सोडून दिलं होतं. इकडं सीना नदीला पूर, गावंच्या गावं पाण्यात, त्यात कुणाला टॉवेल आठवणार.

आज सकाळी फोन. स्वतः. आधी माफी मागितली. म्हणाले, शुल्काची गोष्ट चांगली होती, पण तोवर त्यांच्याच पेपरच्या दुसऱ्या वार्ताहरानं दुसऱ्या शहरातून तशीच केली. मग म्हणाले, तुझ्या मेलचं शेवटचं वाक्य. मला वाटलं गंमत करताहेत.

त्यांना विचारायचं होतं: पाणी किती दिवसांनी येतं? किती वाजता? निम्म्या म्हणजे किती? जिल्ह्यात पूर आहे, उजनी धरण भरलेलं आहे आणि शहरात नळाला पाचव्या दिवशी, हे कसं? आणि बायका आल्या नाहीत याचा काही कागद आहे का?

मी म्हणालो, मस्टर आहे. मीच लिहितो ते.

जेवणाच्या सुट्टीत जानेवारीपासूनचं मस्टर काढून बसलो. शिलाई खात्याच्या पानावर गैरहजेरीच्या फुल्या. दर चार-पाच दिवसांनी उभी रांग. जवळजवळ नऊ महिने मी त्या फुल्या मारतोय, पगार कापतोय, आणि कधी पान आडवं धरून बघितलं नाही. पुरुषांच्या पानावर असल्या रांगा नाहीत.

शेंगा_पोळी

पाणी रात्री अडीचला आलं की कोण उठतं, हे पुरुषांच्या पानावर कसं दिसणार.

जुना_वार्ताहर

मी तो मसुदा तीनदा वाचला आणि ते वाक्य नजरेखालून गेलं. नळाची बातमी एवढी लिहिलीय आयुष्यात की पाणी दिसेनासं झालंय.

आता नीट ऐक. नुसत्या मस्टरवर विसंबू नको. फुल्या आजारपणाच्या असतील, लग्नाच्या असतील, सणाच्या असतील. पाणी आलेल्या तारखा वेगळीकडून मिळायला हव्यात, महापालिकेचं वेळापत्रक एक आणि प्रत्यक्ष आलेलं पाणी एक. दोन्ही शेजारी ठेवून जुळलं तरच खरं. आणि मस्टर बाहेर काढायच्या आधी शेठना परत विचार, बायकांनाही. नावांचा रकाना झाकून.

टॉवेलवाला

शेठना विचारलं. ते म्हणाले, पगार मी कापतो असं नाही ना येणार? मी म्हणालो, येणार. विचार करून उद्या सांगतो म्हणालेत.

तोवर एक मदत हवी आहे. अक्कलकोट रोड, अशोक चौक, कन्ना चौक या पट्ट्यात प्रत्यक्ष पाणी आलेल्या तारखा कुणी लिहून ठेवल्या आहेत का?

शेंगा_पोळी

आमच्या आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर जानेवारीपासून निळे गोल आहेत. गोलात वेळ पण लिहिते ती. मध्ये दुधाचे हिशेब आहेत, ते समजून घ्या. फोटो पाठवू?

पूर्वभाग

आमच्याकडं पण आहे, तेलुगूत लिहिलेलं. वाचून देतो.

जुना_वार्ताहर

फोटो पाठवा, पण कॅलेंडर काढू नका भिंतीवरून. आणि ताई, वर्ष संपलं तरी रद्दीत देऊ नका.